विश्लेषण : मुलांच्या हट्टासाठी घरात प्राणी आणताय? आधी हे गणित मांडा

कुत्रा, मांजर, ससा, मासे की पक्षी? मुलांच्या वयानुसार, घराच्या आकारानुसार आणि आपल्याकडे असलेल्या वेळेनुसार उत्तर बदलते. काही प्राण्यांबाबत तर कायदाच आडवा येतो.

वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत एक मागणी पुन्हा डोके वर काढते. ‘आपण कुत्र्याचे पिल्लू आणू या ना!’ कुठे टक्केवारीच्या बदल्यात ससा कबूल केलेला असतो, कुठे वाढदिवसाला मासे. पालक आधी नाही म्हणतात, मग विचार करू म्हणतात आणि एखाद्या रविवारी दुकानातून छिद्रे पाडलेले खोके घरी येते. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. त्यानंतर फरशी कोण पुसणार, सकाळी फिरवायला कोण नेणार आणि गावाला जाताना याला कुठे ठेवायचे, हे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरे सापडली नाहीत तर प्राण्याचे हाल होतात आणि मुलाच्या मनालाही चटका लागतो. हे टाळायचे तर प्राणी घरी येण्याआधीच काही गोष्टी तपासायला हव्यात.

पूर्वी हा प्रश्न का पडत नव्हता?

वाड्यात किंवा गावच्या घरात प्राणी ‘निवडावा’ लागत नसे. मांजर आपणहून येई आणि उंदरांच्या निमित्ताने राही. कुत्रा अंगणात असे, गाय-बैल गोठ्यात. मुले त्यांच्यासोबत वाढत. पण प्राण्याला स्वतःची जागा होती आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला घरात चार मोठी माणसे होती. आज अनेकांचे घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे आहे, आई-वडील दोघेही नोकरीला आणि मूल शाळा-क्लासमध्ये. प्राणी दिवसाचे आठ-दहा तास बंद दाराआड एकटा राहणार असतो. त्यामुळे ‘आमच्याकडेही लहानपणी कुत्रा होता’ हा अनुभव आजच्या फ्लॅटला जसाच्या तसा लागू होत नाही.

प्राणी सांभाळणार कोण?

‘मी सगळे करीन’ असे मूल म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. पण दहा वर्षांच्या मुलाला पुढच्या दहा वर्षांचा शब्द देता येत नाही. म्हणून पहिला नियम असा : घरातील किमान एका मोठ्या माणसाला स्वतःला प्राणी हवा असेल तरच तो आणावा. मुलाने उद्या हात झटकले तरी ती व्यक्ती प्राण्याचे सारे करील का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असले पाहिजे. अनेक घरांत ही जबाबदारी न विचारताच आईवर किंवा आजीवर येऊन पडते. त्यामुळे त्यांचे मत सर्वात आधी घ्यावे.

याचा अर्थ मुलांना काम देऊ नये असा नाही. पाच वर्षांखालील मुलाने मोठ्यांसोबत प्राण्याला हात लावावा, एवढेच पुरेसे. सहा ते नऊ वयात पाण्याचे भांडे भरणे, माशांना मोजून खाद्य घालणे, केस विंचरणे जमते. दहा-बारा वर्षांचे मूल वेळेवर खाऊ घालू शकते, पिंजरा साफ करायला मदत करू शकते, मोठ्यांसोबत कुत्र्याला फिरवू शकते. कुत्र्याला एकट्याने बाहेर नेणे मात्र मुलाच्या वयापेक्षा त्याच्या ताकदीवर ठरते. ३० किलोच्या लॅब्राडोरने समोरच्या मांजराकडे झेप घेतली तर सहावीतल्या मुलाच्या हातून पट्टा सुटणारच.

किती वर्षांची सोबत?

कुत्रा साधारण १० ते १३ वर्षे जगतो, घरात राहणारे मांजर १२ ते १५ किंवा त्याहून अधिक. ससा आठ-दहा वर्षे, गिनिपिग पाच ते सात, तर हॅमस्टर दोन-तीन वर्षे. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षेही जगतो.

आता हे आकडे शाळेच्या इयत्तांशी जोडून पाहा. मूल पाचवीत असताना आणलेले पिल्लू त्याच्या दहावीला पाच वर्षांचे आणि बारावीला सात वर्षांचे होते. मूल शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जाते तेव्हा कुत्रा मध्यमवयीन असतो. पदवी होऊन नोकरी लागते तेव्हा तो म्हातारा झालेला असतो आणि त्याला औषधपाण्याची सर्वाधिक गरज असते. म्हणजे कुत्र्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध मुलासोबत नव्हे, आई-वडिलांसोबत जातो. बदलीची नोकरी, भाड्याचे घर, परदेशी जाण्याचा विचार यांचाही हिशेब यातच धरावा लागतो.

सुट्ट्यांचाही विचार करा. मे महिन्यात मामाच्या गावाला, गणपतीत कोकणात, दिवाळीत आजीकडे जाताना प्राणी कुठे राहणार? रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित प्रथम श्रेणीचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. शेजारी, नातेवाईक किंवा पैसे घेऊन प्राणी सांभाळणारी जागा यांपैकी एक पर्याय आधीच हेरून ठेवावा.

कुत्रा हवा असेल तर कोणता?

मुलांच्या घरात कुत्र्याइतका सवंगडी दुसरा नाही आणि कुत्र्याइतका वेळ मागणारा प्राणीही दुसरा नाही. रोज दोन वेळा फिरवणे, पावसाळ्यातही, हे त्यातले किमान काम आहे. शिवाय कुत्रा कळपात राहणारा प्राणी. दिवसभर एकटा ठेवलेला कुत्रा भुंकतो, फर्निचर कुरतडतो आणि मग ‘त्रासदायक’ ठरतो.

जात निवडताना जाहिरात आणि सिनेमा यांचा प्रभाव मोठा असतो. ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीमुळे पांढरे झुबकेदार कुत्रे घराघरांत लोकप्रिय झाले. आपण ज्याला ‘पामेरियन’ म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. पुढे २००३ मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीने पगची लाट आणली. पग स्वभावाने प्रेमळ, पण चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेणे जड जाते आणि उन्हाळ्यात तो लवकर उष्माघाताला बळी पडतो. हस्की आणि सेंट बर्नार्ड हे थंड प्रदेशांतले कुत्रे. त्यांना नागपूरच्या किंवा सोलापूरच्या मे महिन्यात ठेवणे म्हणजे त्यांच्यावर अन्यायच.

लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे मुलांशी जमवून घेणारे म्हणून ओळखले जातात. पण दोन वर्षांचे होईपर्यंत त्यांचा दंगा मोठा असतो आणि रांगणारे बाळ त्यांच्या धक्क्याने सहज पडू शकते. आपल्या हवेला सरावलेला देशी कुत्रा, ज्याला हल्ली ‘इंडी’ म्हणतात, हा दुर्लक्षित पण चांगला पर्याय आहे. त्याचे केस आखूड असतात, वेगळ्या निगेची गरज कमी असते आणि बुद्धी तल्लख असते.

जातीइतकाच महत्त्वाचा मुद्दा वयाचा. पिल्लू गोंडस दिसते, पण दात येण्याच्या काळात ते हातापायांना चावते, रात्री रडते, जागोजागी लघवी करते. घरात तीन वर्षांचे मूल असताना पिल्लू आणणे म्हणजे एकाच वेळी दोन तान्ह्यांना सांभाळण्यासारखे आहे. त्याऐवजी स्वभाव कळलेला, मुलांसोबत राहिलेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घेणे अनेक घरांना सोयीचे पडते.

मांजर सोपे असते का?

फिरवावे लागत नाही, अंग स्वतः स्वच्छ ठेवते, काही तास एकटे राहू शकते. त्यामुळे नोकरी करणाऱ्या पालकांच्या फ्लॅटसाठी मांजर अधिक व्यवहार्य आहे. मात्र मांजराला ओढलेले, घट्ट धरलेले आवडत नाही. मूल ‘पुरे’ हा इशारा ओळखण्याइतके मोठे नसेल तर ओरखडे ठरलेलेच. शेपटी आपटणे, कान मागे नेणे, अंगावरची कातडी थरथरणे ही सोडून देण्याची खूण आहे, हे मुलाला आधी शिकवावे.

दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे त्याला अत्यावश्यक असलेले द्रव्य नैसर्गिक स्वरूपात मांस-मासळीतूनच मिळते. दूधभातावर वाढवलेल्या मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडू शकतात. घरात सामिष आणणे चालत नसेल, बाजारातले मांजरांचे तयार खाद्यही चालत नसेल, तर मांजर आणू नये. दुसरी गोष्ट म्हणजे खिडक्या. उंच इमारतींतून मांजरे पडतात. कबुतरांसाठी लावतो तशी मजबूत जाळी सर्व खिडक्या-गॅलऱ्यांना हवी.

मांजर चार-पाच महिन्यांचे असतानाच गाभण राहू शकते. त्यामुळे नसबंदीचा निर्णय पुढे ढकलता येत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची विष्ठा साफ करण्याचे काम तिने करू नये. विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिसचा संसर्ग होण्याचा धोका असतो. हे जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरातील दुसऱ्या कोणी रोजच्या रोज सफाई केली तर धोका बराच कमी होतो.

ससा, गिनिपिग : ‘छोटा प्राणी, छोटे काम’ खरे का?

हा सर्वात मोठा गैरसमज. ससा मऊ खेळण्यासारखा दिसतो, म्हणून तो अगदी लहान मुलांना आणून दिला जातो. प्रत्यक्षात सशाला उचलून घेतलेले आवडत नाही. तो निसर्गात शिकार होणारा प्राणी आहे. उचलले की त्याला पकडल्यासारखे वाटते आणि तो मागच्या पायांनी जोरात झटके देतो. त्या झटक्यात किंवा हातातून पडल्यावर त्याचा कणा मोडू शकतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याचा मुख्य आहार वाळलेले गवत असावा लागतो. गाजर हा अधूनमधून द्यायचा खाऊ. उष्णता त्याला सोसत नाही. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात गॅलरीत पिंजरा ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. जोडी आणली तर महिनाभरात पिल्ले होतात, हेही दुकानदार क्वचितच सांगतो.

सात-आठ वर्षांपुढच्या शांत मुलांसाठी गिनिपिग त्यापेक्षा बरा. तो सहसा चावत नाही, दिवसा जागा असतो, ओळखीच्या माणसाला पाहून आवाज करतो. पण त्याला एकटे ठेवू नये. एकाच लिंगाची जोडी असावी. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी त्याला रोज लागते. हॅमस्टर रात्री जागतो. दिवसा खेळायला उठवले की चावतो. रात्री नऊला झोपणाऱ्या मुलाशी त्याची गाठ पडणार तरी कधी?

आणखी एक अडचण म्हणजे या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सर्वत्र मिळत नाहीत. आणण्यापूर्वी जवळ असा डॉक्टर आहे का, हे विचारून घ्यावे.

सुरुवात माशांपासून करावी का?

ज्या घरात वेळ कमी आहे, मूल लहान आहे किंवा कोणाला दमा आहे, तिथे माशांचा विचार पहिल्यांदा करावा. मात्र काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश हे चित्र डोक्यातून काढून टाकावे. गोल्डफिश वीतभर वाढतो, भरपूर घाण करतो आणि लहान भांड्यात गुदमरून मरतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. पाण्यात आणि गाळणीत वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले की आठवड्याभरात मासे मरतात आणि मूल रडते. टाकी आधी आणावी, मासे नंतर. नळाचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय वापरू नये. दर आठवड्याला सगळे पाणी न बदलता थोडेच बदलावे.

पहिल्या प्रयोगासाठी गप्पी मासे उत्तम. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका आणि आरोग्य केंद्रे पाण्याच्या साठ्यांत सोडतात ते हेच. काटक असतात आणि थेट पिल्लांना जन्म देतात. मुलांना ते डोळ्यांनी पाहता येते. मात्र नको झालेले मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत, कारण बाहेरून आलेली जात तिथल्या माशांना भारी पडते.

पोपट आणि कासव चालेल का?

‘मिठू मिठू’ म्हणणारा हिरवा पोपट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात दिसत आला आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे आणि बाळगणे गुन्हा आहे. हीच गोष्ट मुनियासारख्या देशी पक्ष्यांची आणि पाठीवर चांदणीची नक्षी असलेल्या स्टार कासवाची. ‘घरात कासव असले की भरभराट होते’ या समजुतीपायी या कासवांची मोठ्या प्रमाणात तस्करी होते. दुकानदार पावती देतो म्हणून व्यवहार कायदेशीर ठरत नाही.

बजरिगार, ज्याला आपण सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो, आणि कॉकाटील हे परदेशी मूळ असलेले, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी पाळता येतात. मकाव किंवा आफ्रिकन ग्रे यांसारख्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जातींची मात्र २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

कानाजवळ लाल पट्टा असलेली इवलीशी परदेशी कासवे दुकानांत मिळतात. त्यांच्याबाबत प्रश्न आरोग्याचा आहे. कासवे, सरडे यांच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. लहान मुले कासव हाताळतात आणि तोच हात तोंडात घालतात. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी नकोत, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

अ‍ॅलर्जी आणि आजारांचे काय?

मुलाला दमा, सतत सर्दी किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. अ‍ॅलर्जी केवळ केसांमुळे होत नाही. प्राण्याची लाळ आणि कोंडा हे मुख्य कारण असते. त्यामुळे ‘या जातीची अजिबात अ‍ॅलर्जी होत नाही’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. ज्यांच्या घरी तसा प्राणी आहे अशा मित्रांकडे मुलाला तीन-चार वेळा, तास-दोन तास नेऊन पाहावे. आधी प्राणी आणायचा आणि महिन्याभराने ‘मुलाला सोसत नाही’ म्हणून परत करायचा, यापेक्षा हे केव्हाही बरे.

पोटातले जंत, गजकर्ण, गोचीड-पिसवा हे प्राण्यांकडून मुलांकडे येणारे नेहमीचे त्रास. पशुवैद्याने ठरवून दिल्याप्रमाणे जंतनाशक, वेळेवर लस आणि प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय, एवढ्याने यातले बरेचसे टळते. उलट बाजूही आहे : आपल्या घरातल्या वस्तू प्राण्यांना घातक ठरतात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा-लसूण कुत्र्याला देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. प्रेमाने आपला खाऊ भरवणाऱ्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

चावा कसा टाळायचा?

मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा असतो. घरचा, शेजारचा किंवा नातेवाइकांचा. प्रसंगही ठरलेले असतात : तो खात असताना, झोपलेला असताना, पिल्लांजवळ असताना किंवा कोणी मिठी मारून जखडल्यावर. लहान मुलांची उंची कमी असल्याने जखम चेहऱ्याला आणि डोक्याला होते. कुत्रा न सांगता चावला असे आपण म्हणतो, पण त्याने बहुधा सांगितलेले असते. तोंड फिरवणे, वारंवार जीभ ओठांवरून फिरवणे, जांभया देणे, अंग ताठ करणे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागणे ही अस्वस्थतेची चिन्हे आहेत. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असे नाही.

लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत कधीही एकटे ठेवू नये. कुत्रा कितीही गुणी असला तरी. त्याला मुलांपासून दूर जाऊन बसता येईल असा एक कोपरा असावा आणि तिथे मुलांना मज्जाव असावा. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरलेल्या कुत्र्याशी खेळायला मुलांना पाठवू नये.

चावलेच तर?

कुत्रा-मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. पोटात घ्यायची १४ इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. लस दंडात आणि कमी मात्रांत दिली जाते. रक्त येईल अशी जखम असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शनही लागते. ठरलेल्या सर्व तारखा पाळाव्यात.

यात हयगय का नको? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात आणि रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो. पिल्लांना रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेल्या लहानग्या पिल्लाचा ‘दुधाच्या दातांचा’ चावाही किरकोळ समजू नये.

इथे पालकांची एक चूक महागात पडू शकते. ओरडा बसेल किंवा लाडक्या कुत्र्याला घराबाहेर काढतील, या भीतीने मुले ओरखडे लपवतात. ‘चावले, ओरखडले तर लगेच सांग, तुलाही रागावणार नाही आणि त्यालाही हाकलणार नाही,’ हा शब्द प्राणी घरी येतो त्याच दिवशी मुलाला द्यावा आणि पाळावा.

सोसायटी आणि परवान्याचे नियम काय?

गृहनिर्माण सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र सार्वजनिक जागेत पट्टा लावणे, घाण उचलणे आणि लस देणे ही मालकाची जबाबदारी आहे. मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनाम्यात प्राण्यांविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

नको झालेला प्राणी रस्त्यावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. प्राण्याला दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणेही त्याच कायद्यात बसत नाही.

विकत घ्यावा की दत्तक?

विकत घ्यायचा तर कुत्र्यांच्या पैदाशीसाठीचे २०१७ चे नियम माहीत असावेत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी असावी लागते. पिल्लाची आई दाखवायला नकार देणाऱ्याकडून, किंवा रस्त्यातच गाठून पिल्लू हातात देणाऱ्याकडून ते घेऊ नये. दत्तक घेणे आपल्या शहरातील प्राणी संस्थांमार्फत करता येते. तिथले लोक घरात मुले किती, कोणत्या वयाची, असे खोदून विचारतात. ती अडवणूक समजू नये. योग्य प्राणी योग्य घरी जावा यासाठीच ते प्रश्न असतात. दत्तक घेतलेला प्राणी फुकट मिळाला तरी खाद्य, लसी, नसबंदी आणि आजारपण यांचा खर्च विकतच्या प्राण्याइतकाच येतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

मुलाची मागणी आल्यावर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. महिनाभराची रंगीत तालीम करून पाहावी. कुत्रा हवा असेल तर रोज सकाळी सहाला उठून मुलासोबत अर्धा तास चालून यावे, रविवारीही. रोज एकाच वेळी पाण्याचे भांडे भरून ठेवावे, आठवड्यातून एकदा गॅलरी धुवावी. सुट्टीत बाहेरगावी गेलेल्या ओळखीच्यांचा प्राणी चार दिवस सांभाळून पाहावा. महिना पार पडला तर घर तयार आहे. पंधराव्या दिवशीच कंटाळा आला तर तेही एक उत्तरच आहे, आणि ते प्राणी घरी येण्याआधी मिळालेले बरे.

‘आत्ता नको’ हा निर्णयही चुकीचा नसतो. दाणा-पाण्याचे भांडे खिडकीत ठेवून चिमण्या-बुलबुल पाहणे, शेजारच्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा फिरवायला सोबत जाणे, गप्पी माशांची एक टाकी सांभाळणे यांतूनही मूल प्राण्यांशी वागायला शिकते. दोन वर्षांनी ते पुन्हा मागणी करील तेव्हा ते थोडे मोठे झालेले असेल आणि आई-वडिलांनाही आपण नेमकी कशाची जबाबदारी घेतो आहोत, हे ठाऊक असेल.